कोंबडीने अंडे द्यावे. पण खावे काय?



जिल्ह्याच्या बैठकीत भाषणे होतात, ठराव होतात, घोषणा होतात. कापसाचा भाव, विजेचे बिल, विमा, कर्ज यांवर तास-दोन तास बोलून झाले की मागच्या रांगेतली एखादी बाई हळूच उठते आणि विचारते, "साहेब, कोंबड्या अंडी द्यायच्या बंद झाल्यात. काय खाऊ घालावं?" पुढच्या रांगा हसतात. अध्यक्ष म्हणतात, हा विषय नंतर बघू. तो नंतर कधीच येत नाही.

मी शेतकी पदवीधर आहे. पूर्वी मीही या प्रश्नाला हसलो आहे. आज मला वाटते, त्या बाईने विचारलेला प्रश्न हा आपल्या चळवळीचाच प्रश्न आहे. उत्पादन का घटले? उत्पादकाच्या पोटात काय पडते? उत्पादनाचा खर्च किती आणि भाव किती? कापसाला आपण जे विचारतो तेच अंड्याला विचारायचे आहे. फरक इतकाच की अंड्याचा पैसा घरधन्याच्या खिशात जात नाही, बाईच्या पदराच्या गाठीला राहतो. म्हणून तो प्रश्न मागच्या रांगेत बसतो.

माझीच एक चूक

काही वर्षांपूर्वी मंगळवेढ्याकडच्या एका गावात बायकांच्या गटाला मी सल्ला दिला होता. घरटी वीस सुधारित कोंबड्या घ्या, घरची ज्वारी घाला, प्रथिनासाठी सरकीची पेंड घाला. दोन्ही जिनसा घरात असतात, बाहेरून काही आणायला नको. कागदावर हिशेब छान बसला. पहिले दोन महिने अंडीही बरी आली. मग गिऱ्हाईक अंडी परत आणून देऊ लागले. फोडली तर बलक हिरवट-तपकिरी, काहींचा पांढरा भाग गुलाबीसर. गावात बोभाटा झाला की या कोंबड्यांत काहीतरी रोग आहे. अंडी उकिरड्यावर गेली, कोंबड्या पडेल भावाने बाजारात गेल्या.

रोग काही नव्हता. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ते कोंबडीच्या पोटातून बलकात उतरते, बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि अंडे काही दिवस ठेवले की बलकाचा रंग बदलतो. सरकीच्या तेलात आणखी एक प्रकारची स्निग्धाम्ले असतात, त्यांनी पांढरा भाग गुलाबी होतो. घाणीच्या पेंडीत तेल जास्त राहते, म्हणून त्रासही जास्त. गाई-म्हशी ही पेंड पचवतात, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गॉसिपॉलचा जोर बराच कमी होतो. कोंबडीचे पोट तसे नाही.

हे मला ठाऊक असायला हवे होते. पुस्तकात होते. गटातली एक म्हातारी मला म्हणाली, "साहेब, कोंबडी काय खाते ते तुमच्या पुस्तकात असंल. ती आमच्या दारात काय खाते, ते कुणी इचारलं?" त्या दिवसापासून मी आधी दारात उभा राहून बघतो, मग बोलतो.

अंडे कशाचे बनते

कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यात गावरान अंड्यासाठी पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिन आणि कवचासाठी जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम ओतावे लागते. ही सामग्री आली तर अंडे होते. नाही आली तर कोंबडी आधी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते, मग पातळ कवचाचे अंडे घालते, मग नुसत्या पापुद्र्याचे, आणि शेवटी थांबते. ती आळशी झालेली नसते. तिचे भांडवल संपलेले असते.

आता आपल्या ज्वारीकडे बघा. मालदांडी ३५-१ ही माणसाच्या भाकरीला नामी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. कोंबडीलाही ती पचते, शक्ती देते. पण १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिन साधारण १० ग्रॅम, आणि त्यातही लायसिन हा आवश्यक घटक तुटपुंजा. अंडे देणाऱ्या कोंबडीला दिवसाला १४-१५ ग्रॅम प्रथिन लागते. आणि कॅल्शियम? १०० ग्रॅम ज्वारीत ते एक ग्रॅमचा तिसावा-चाळिसावा भाग. एका अंड्याला दोन ग्रॅम पाहिजे. नुसत्या ज्वारीवर अंडी मागणे म्हणजे खत-पाणी न देता कापसाला बोंडे मागण्यासारखे आहे.

मग आपल्या आज्या नुसत्या मुठभर दाण्यावर कोंबड्या कशा पाळत होत्या? दाणा हा त्यांच्या कोंबडीचा जेवणातला एक घास होता. बाकीचे ती उकिरड्यात शोधत होती: किडे, अळ्या, वाळवी, हिरवा कोंब, खळ्यावरचे मातेरे, घरातला खरकटा भात, चुनखडीचे खडे. आज उकिरडा शेतात गेला, अंगण सिमेंटचे झाले, मळणी यंत्राने झाली, खळे मोडले. कोंबडीची चरायची जागा गेली आणि आपण तिला तेवढीच मूठ टाकतो.

अंडी का थांबतात

बैठकीत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे एकदाच लिहून टाकतो.

दिवाळी ते संक्रांत अंडी कमी होतात, त्यात कोंबडीचा दोष नाही. अंडी देण्यासाठी तिला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. त्याच सुमाराला ती जुनी पिसे गाळून नवी आणते. पिसे ही सगळी प्रथिनांचीच. त्या दोन महिन्यांत अंडी मागू नका, पेंड थोडी वाढवा. ती लवकर सावरेल.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ वर जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कर्बवायू निघून जातो आणि कवच बनवायला लागणारा घटक कमी पडतो. म्हणून उन्हाळी अंडे हातात घेतले की फुटते. यावर उपाय सावली आणि पाणी. एरवी एका कोंबडीला दिवसाला पाव लिटर पाणी पुरते, उन्हाळ्यात ते दुप्पट लागते. पाणी मातीच्या परळात, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून. दाणा पहाटे आणि दिवस मावळताना. टँकरच्या गावात कोंबडीला पाणी कुठले, असे विचाराल. मग टँकरच्या गावात कोंबड्याही तितक्याच ठेवा, जितक्यांना पाणी आहे.

गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. तिला २१ दिवस उबवू दिले, मग पिलांमागे सोडले, तर पुढची खेप दोन-तीन महिन्यांनी. वर्षाची अंडी साठ-सत्तरच्या वर क्वचित जातात. पिले हवी असतील तर बसवा. अंडी हवी असतील तर अंडी रोजच्या रोज उचला आणि खुडूक कोंबडीला चार-पाच दिवस उघड्या, हवेशीर, जाळीच्या तळाच्या खुराड्यात ठेवा. ती उठते.

कोंबडी स्वतःचीच अंडी फोडून खात असेल तर आधी तिच्या पोटातला कॅल्शियम आणि प्रथिन बघा, मग चोच भाजायच्या गोष्टी करा. अंडी घालायची जागा अंधारी, कोरडी, भुश्श्याची करा. आणि एक साधी गोष्ट: कधीकधी अंडी बंद झालेलीच नसतात. ती कडब्याच्या गंजीत असतात.

कवचासाठी शिंपल्यांचा भुगा किंवा गिरणीत दळलेली चुनखडी वेगळ्या परळात ठेवा. कोंबडी गरजेपुरते खाते. घरातल्या अंड्यांची टरफले भाजून, चुरून घातली तरी चालतात. भाजायचे यासाठी की जंतू मरावेत आणि तिला अंड्याची चव लागू नये. पान खायचा चुना मात्र घालू नका.

दोन विषारी सवयी

पहिली: पेरून उरलेले बियाणे कोंबड्यांपुढे टाकणे. ज्वारीच्या बियाण्याला आपण थायरम लावतो. थायरम पोटात गेले की कोंबडी मऊ कवचाची, वेडीवाकडी अंडी घालते, आणि पिलांचे पाय वाकडे होतात. कापसाच्या पाकिटातल्या बियाण्याला कीटकनाशक चोळलेले असते, त्याने तर कोंबडी मरते. "मानमोडी आली" म्हणून ज्यांनी कोंबड्या पुरल्या, त्यांतल्या काहींच्या पोटात रोग नव्हता, रंगीत बी होते. उरलेले बी खोल पुरा. धुऊनसुद्धा घालू नका.

दुसरी: पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी आणि बुरसटलेली शेंगदाणा पेंड कोंबड्यांना घालणे. माणसाने खाऊ नये ते कोंबडीने खावे हा न्याय चुकीचा आहे. बुरशीचे विष कोंबडीचे यकृत नासवते. अंडी आधी थांबतात, कोंबडी नंतर मरते.

खरी मानमोडीही आहेच. तिला सरकारी भाषेत राणीखेत म्हणतात. लस स्वस्त आहे. पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत ती तयार होते. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा, सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी. अडचण लशीची नाही, कुपीची आहे. एका कुपीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात, कालवली की दोन तासांत संपवावी लागते, बर्फात आणावी लागते. आठ कोंबड्यांच्या बाईला कुपी परवडत नाही. वीस घरांनी एक दिवस ठरवला तर एका सकाळी सगळी आळी उरकते. हे काम सरकारने करावे असे म्हणत बसलो तर कोंबड्या मरतील. हे आपणच करायचे आहे.

हिशेब मांडू या

आता चळवळीच्या भाषेत बोलू. घरचे म्हणून फुकट धरायचे नाही, हा आपला पहिला धडा. घरच्या बैलाचे, घरच्या बियाण्याचे, घरच्या बाईच्या कष्टाचे पैसे धरल्याशिवाय उत्पादन खर्च निघत नाही, हे आपण सरकारला इतकी वर्षे सांगतो. मग कोंबडीच्या बाबतीत घरची ज्वारी फुकट कशी?

दहा कोंबड्या धरा. बाहेर चरतात, वर रोज ४०० ग्रॅम ज्वारीचा भरडा आणि १२० ग्रॅम चांगली शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड. २०२५-२६ च्या हंगामाला मालदांडीचा जाहीर झालेला हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये. म्हणजे ज्वारी १५ रुपयांची. पेंड ५० रुपये किलो धरली तर ६ रुपयांची. शिंपले-मीठ एक रुपया. रोजचे २२ रुपये, वर्षाचे ८०३० रुपये, कोंबडीमागे ८०३. गावरान कोंबडीने ६० अंडी दिली तर एका अंड्याला नुसत्या खाद्याचे १३ रुपये ४० पैसे पडले. सुधारित कोंबडीने १२० दिली तर ६ रुपये ७० पैसे. यात पिलाची किंमत नाही, लस नाही, मुंगसाने नेलेली कोंबडी नाही आणि बाईच्या कष्टाचा एक पैसा नाही.

आणि शहरातल्या दुकानात पिंजऱ्यातल्या कोंबडीचे अंडे सहा-सात रुपयांना मिळते. ती कोंबडी दिवसाला ११५ ग्रॅमच्या आसपास तयार खाद्य खाते आणि वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. हैदराबादकडून निघालेले अंड्यांचे ट्रक आपल्याच महामार्गाने पुण्या-मुंबईला जातात. त्या अंड्याशी भावात झुंजायला जाल तर मराल.

मग कोंबड्या पाळूच नयेत का? पाळाव्यात. पण किती, हे योजनेच्या कागदाने ठरवू नये, परसाने ठरवावे. मळणीचे मातेरे, कणी, तुरीची चुनी, उकिरड्यातले किडे, घरातले उष्टे या गोष्टींना बाजारात भाव नाही. कोंबडी त्यांचे अंडे करते. ते अंडे खरोखर नफ्याचे. आपल्या कोरडवाहू घराच्या परसात अशा पाच ते आठ कोंबड्यांचे पोट भरते. नवव्या कोंबडीपासून पोत्यातली ज्वारी उपसावी लागते. तिथे धंदा सुरू होतो, आणि धंद्याला भाव लागतो.

वाळवी वाढवायची एक जुनी युक्ती आजमावण्यासारखी आहे. मडक्यात ओले तरट, शेण आणि काडीकचरा भरा आणि संध्याकाळी वारुळाजवळ पालथे घाला. सकाळी वाळवीसकट कोंबड्यांपुढे उलटा. विकतच्या पेंडीची बचत. शेवग्याचा पाला, लसूणघास यांनी बलकाला रंग येतो. ज्वारीत तो रंग देणारे द्रव्य जवळजवळ नसते, म्हणून नुसत्या ज्वारीवरचे अंडे फिके दिसते.

सुधारित जातींबद्दलही डोळे उघडे ठेवा. बेंगळुरूची गिरिराजा, हैदराबादची वनराजा, ग्रामप्रिया या चांगल्या जाती आहेत. वनराजा अंगाने जड, ग्रामप्रिया अंड्यांसाठी बरी. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत, पिले गावरानीखाली उबवावी लागतात, आणि संकराच्या पुढच्या पिढीत तो गुण तसाच उतरत नाही. कापसाच्या संकरित बियाण्याचा अनुभव गाठीशी असलेल्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. दारातली गावरान जात मोडून सगळे बाहेरच्यावर सोपवू नका.

जोडधंद्याचा उपदेश

सरकारी भाषणांत एक वाक्य ठरलेले असते: शेती परवडत नसेल तर शेतकऱ्याने जोडधंदा करावा, कोंबड्या पाळाव्यात. योजनांतून तलंगांचे गट वाटले गेले, एक दिवसाची शंभर-शंभर पिले अर्ध्या अनुदानावर वाटली गेली. वाटपाचे फोटो निघाले. सहा महिन्यांनी त्यातली किती जगली आणि त्यांनी काय खाल्ले, याचा फोटो कुणी काढत नाही. कापसात तोटा, ज्वारीत तोटा, आणि त्याच ज्वारीवर पोसलेल्या कोंबडीत नफा, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? मुख्य धंदा तोट्यात ठेवून जोडधंद्याचे ठिगळ लावायला सांगणारा उपदेश आपण मानू नये. कोंबडी हवी, पण ज्वारीच्या भावाच्या बदल्यात नको.

उलट, भावाच्या बाबतीत कोंबडीवाल्यांकडून आपण शिकण्यासारखे आहे. १९८२ साली अंड्याचा भाव खर्चाच्या खाली गेला होता, व्यापारी सांगेल तो दर घ्यावा लागत होता. तेव्हा डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उत्पादकांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली आणि अंड्याचा दर स्वतः जाहीर करायला सुरुवात केली. आपल्या कापसाला मात्र १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे एकाधिकार खरेदीचे कुलूप होते. भाव सरकारने ठरवायचा, चुकारे सरकारला जमेल तेव्हा द्यायचे. अंड्याला हमीभाव नाही, सरकारी खरेदी नाही, तरी तो धंदा वाढला. समितीचा दर मोठ्या उत्पादकांच्या सोयीचा असतो, ही तक्रार खरी असू शकते. पण भाव आपण सांगायचा असतो, ही गोष्ट त्यांनी करून दाखवली.

शाळेच्या अंड्याचेही बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा काढून घेतला आणि लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितले. गावातल्या पोरांना गावातल्या बायांची अंडी रोख पैशाने घेता आली असती. सव्वा वर्षात हात आखडला. सरकारच्या भरवशावर खुराडे बांधू नये ते यासाठी.

बर्ड फ्लूचे भयही खोटे नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला तो आला, तेव्हा ठराविक अंतरातले पक्षी सरसकट मारले गेले. त्यात शेडवाल्यांचे गेले, तसे दारातलेही गेले. म्हणून किती कोंबड्या आहेत याची नोंद घरात ठेवा, एकदम खूप मरतुक झाली तर लपवू नका, दवाखान्याला कळवा. नोंद नसेल तर भरपाई मागायला तोंड राहत नाही.

काय करायचे

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावात तीन गोष्टी कराव्यात अशी माझी सूचना आहे. एक, दहा घरांतल्या बायांनी महिनाभर भिंतीवर कोळशाने दोन रेघा मारायच्या: टाकलेल्या दाण्याच्या मापाला एक, मिळालेल्या अंड्याला एक. दोन, लशीचा एक दिवस ठरवायचा. तीन, त्या महिन्याच्या हिशेबावरून गावरान अंड्याचा भाव गावातल्या बायांनी एकत्र बसून ठरवायचा आणि त्याखाली कुणी विकायचे नाही. तेरा रुपये खर्च पडला तर दहाला अंडे देणे हे गिऱ्हाइकाला दिलेले अनुदान आहे, आणि आपली तेवढी ऐपत नाही.

१९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेतीची मांडणी केली, त्यात बाईच्या हातातल्या शेतीला, माजघरातल्या धंद्याला जागा होती. ती जागा आपण ठरावात ठेवली, बैठकीत नाही. या वेळी तो हिशेब मागच्या रांगेतल्या बाईनेच पुढे येऊन वाचावा. भाषणे नंतर होतील.